खरे बोलण्याचा अदब

नागपुरात आता सिनेमा करायला कुणाची परवानगी लागत नाही. मोमिनपुऱ्यातला, ताजबागेतला किंवा कामठीतला एखादा मुलगा हातातल्या मोबाईलवर चित्रण करतो, त्यावरच काटछाट करतो आणि दहा-बारा मिनिटांची फिल्म तयार करून मित्रांना दाखवतो. मुंबई गाठायची, स्टुडिओच्या दारात उभे राहायचे, हे सारे त्याला चुकले आहे. ही मोठीच गोष्ट झाली. पण फिल्म संपल्यावर तो जो प्रश्न विचारतो तो मात्र फार जुना आहे. 'कशी वाटली?' गझल लिहिणाऱ्याने तो विचारला आहे, कथा लिहिणाऱ्याने विचारला आहे, आणि नवा पदार्थ करून ताटात वाढणाऱ्या आईनेही विचारला आहे.

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हा वरवर पाहता कलेचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो आधी नीतीचा प्रश्न आहे. कारण उत्तर देताना आपण फिल्मविषयी बोलत असलो तरी समोरच्या माणसाला आपण काय समजतो, हेही त्यातून ठरत असते.

आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले 'माशाअल्लाह, बहोत खूब!' दुसरे 'छोड यार, हे आपल्या लोकांचे काम नाही.' पहिल्या उत्तराला आपण दिलदारी म्हणतो, दुसऱ्याला स्पष्टवक्तेपणा. नीट पाहिले तर दोन्ही उत्तरे द्यायला फिल्म पाहावी लागत नाही. पहिली दोन मिनिटे पाहून, किंवा अजिबात न पाहताही, ती देता येतात. म्हणजे तारीफ करणारा आणि मोडीत काढणारा, दोघांनीही एकच गोष्ट वाचवली आहे. आपला वेळ आणि आपले लक्ष.

या संदर्भात मालेगावची आठवण होणे साहजिक आहे. मालेगाव आणि नागपूरचा मोमिनपुरा यांच्यात अंतर बरेच, पण नाते जवळचे आहे. दोन्हीकडची मोमिन वस्ती विणकरांची. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकरांची अनेक कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मागांच्या आधाराने राहिली. मालेगावात पुढे यंत्रमाग आले. याच शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा सिनेमा केला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. कॅमेरा लग्नाच्या चित्रणात वापरतात तसला. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. नट म्हणजे मागावर आणि दुकानात काम करणारे दोस्त. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. त्या चित्रीकरणावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली तयार केला आणि २०१२ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. याच माणसांवर रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ च्या फेब्रुवारीत देशभर प्रदर्शित झाला.

या सिनेमांची तारीफ पुष्कळ झाली. त्यातली बरीचशी खरी होती. पण एक प्रकारची तारीफ मला नेहमी खटकते. 'बघा, काहीही हाताशी नसताना या बिचाऱ्यांनी केवढे केले!' या वाक्यात कौतुक आहे, पण ते गरिबीचे आहे, सिनेमाचे नाही. बोलणाऱ्याने मनात दोन मापे ठेवली आहेत. एक मुंबईच्या सिनेमासाठी, दुसरे, बरेच आखूड, यंत्रमाग कामगाराच्या सिनेमासाठी. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याच्या कामातले दोष आपण सांगतो. ज्याला मानत नाही त्याची पाठ थोपटतो. म्हणून खोटी तारीफ ही सौजन्याच्या कपड्यात आलेली तुच्छता असते, असे म्हणावे लागते.

मालेगावच्या प्रेक्षकाने ही दया दाखवली नाही. तो तिकीट काढून बसला होता. विनोद जमला तर तो हसणार, नाही जमला तर हसणार नाही. तो त्याच गल्लीतला, त्याच बोलीतला. त्याच्यासमोर 'आमच्याकडे साधने नव्हती' ही सबब चालणारी नव्हती. नासिर शेख यांना वर्षानुवर्षे घडवले ते पार्लरमध्ये रोज बसणाऱ्या या प्रेक्षकाने. प्रामाणिक टीकेचे हे सर्वांत साधे रूप होय. समोर बसणे, शेवटपर्यंत पाहणे, आणि जिथे हसू आले नाही तिथे न हसणे.

पण मित्राने दाखवलेल्या फिल्मवर नुसते न हसून भागत नाही. काय चुकले ते बोलावे लागते. आणि बोलायचे म्हटले की आपल्या मनात एक शंका उभी राहते. दुसऱ्याचे ऐब काढणे हे बरे का? आपल्या दीनने तर परदापोशी शिकवली आहे.

इथे गीबतविषयीची प्रसिद्ध हदीस नीट समजून घेतली पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गीबतचा अर्थ सांगितला तो असा की, आपल्या भावाविषयी त्याच्या पाठीमागे असे बोलणे जे त्याला आवडणार नाही. तेव्हा विचारले गेले, तो दोष त्याच्यात खरोखरच असेल तर? उत्तर मिळाले की, असेल तरच ती गीबत, नसेल तर ते बोहतान, म्हणजे आळ. या उत्तरातली गोष्ट आपण वाटते तितकी मनावर घेतलेली नाही. बोलणे खरे आहे एवढ्याने ते योग्य ठरत नाही. 'मी काय खोटे बोललो?' हा आपल्या प्रत्येक चहाच्या टपरीवरचा आवडता बचाव आहे, आणि तो बचावच इथे बाद झाला आहे.

म्हणजे मित्राची फिल्म पाहून त्याच्या तोंडावर 'बहोत खूब' म्हणायचे आणि तो गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला की बाकीच्यांना हसवत तिचे वाभाडे काढायचे, यात दोन अपराध झाले. तोंडावर खोटे आणि पाठीमागे खरे. तेच खरे त्याच्या तोंडावर, एकट्याला, त्याच्या भल्यासाठी सांगितले असते तर ती नसीहत झाली असती. शब्द तेच, पण ते कुणाला आणि कुठे सांगितले यावर पाप की पुण्य ते ठरते.

मोमिन हा मोमिनचा आरसा आहे, या अर्थाची आणखी एक हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. आरशाची रीत पाहा. जो समोर उभा राहतो त्यालाच तो डाग दाखवतो. आहे तेवढाच दाखवतो, वाढवत नाही. आणि माणूस निघून गेला की त्याचा डाग पुढच्याला दाखवण्यासाठी साठवून ठेवत नाही. टीका करणाऱ्याला याहून वेगळा कायदा शिकवायची गरज नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितले जाते की, आपले दोष दाखवून देणाऱ्याला ते भेटवस्तू आणणारा माणूस समजत. भेट देताना आपण ती फेकून मारत नाही, हेही यात आलेच.

कुणी म्हणेल, फिल्म एकदा लोकांसमोर आणली की ती सर्वांची झाली, मग तिच्यावर उघड बोलायला काय हरकत? हरकत नाही. इमाम नववी यांनी गीबतला जे सहा अपवाद सांगितले आहेत, त्यांत लोकांना सावध करण्यासाठी बोलणे हा एक आहे. हदीसच्या अभ्यासकांनी तर रावींच्या खरेखोटेपणाची छाननी करणारे 'जरह व तादील' हे सबंध शास्त्रच उभे केले. इमाम बुखारींचे उस्ताद अली इब्नुल मदिनी यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी ते रावी म्हणून जईफ, म्हणजे कच्चे असल्याचे सांगितले. दीनच्या बाबतीत वडिलांचीही भीड धरली नाही. जी परंपरा इतके कठोर खरे बोलू शकते, तिला टीकेची भीती आहे असे कोण म्हणेल?

मात्र एक फरक आहे. रावीची साक्ष त्याच्या स्वभावावर आणि स्मरणशक्तीवर अवलंबून असते, म्हणून तिथे माणसाचीच तपासणी करावी लागते. सिनेमाचे तसे नाही. तिथे जे आहे ते पडद्यावर आहे. 'तुला काही कळत नाही' ही सिनेमावरची टीका नव्हे. 'आई घरात येते तिथे पंख्याचा आवाज इतका मोठा आहे की तिचे वाक्य ऐकू आले नाही' ही टीका आहे. 'बोअर आहे' ही टीका नव्हे. 'मुलगा शाळा सोडणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले होते, त्यानंतर बाप ते बोलून सांगतो, तेवढा वेळ मला जड गेला' ही टीका आहे. पहिल्या वाक्यातून करणारा फक्त दुखावतो. दुसरे वाक्य घेऊन तो पुन्हा कामाला बसू शकतो.

नवख्या फिल्ममध्ये ठरावीक जागी हमखास अडखळायला होते. आवाज मोबाईलच्याच माईकवर घेतलेला असतो, त्यामुळे वारा आणि रस्ता बोलतात आणि माणसे कुजबुजतात. उणीव झाकायला वरून संगीत ओतलेले असते. सुरुवातीची नावे फार वेळ चालतात. प्रसंग संपला तरी कॅमेरा उठत नाही. आणि शेवटी, प्रेक्षकाला काही समजले नसेल या भीतीने, एखादे पात्र छोटासा वाज करून मोकळे होते. यातली एकही चूक गुन्हा नाही, आणि एकही अशी नाही जी वेळेवर सांगितली तर सुधारत नाही.

वेळेवर हा शब्द महत्त्वाचा. विणकराच्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही. ताण्यातला धागा तुटला तर तो कापड मागावर असतानाच सांगायचा असतो. थान उतरून बाजारात गेल्यावर सांगणारा माणूस खरे बोलतो, पण उपयोगाचे बोलत नाही. कच्ची जुळणी झालेली फिल्म ही मागावरचे कापड आहे. त्या वेळी भिडेखातर गप्प बसायचे आणि स्पर्धेत ती बाद झाल्यावर 'मला तेव्हाच वाटले होते' म्हणायचे, याला शहाणपण म्हणत नाहीत.

आपल्या उर्दू शायरीत यासाठी इस्लाहची रीत होती. शागिर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवी आणि उस्ताद तिच्यात दुरुस्ती करी. ही रीत समोरासमोर बसण्यावर अडून राहिली नाही. गालिब आपला शागिर्द हरगोपाल तफ्ता याला पत्रांतून शब्दांची चूक समजावून देत. तरुण इक्बाल पंजाबातून हैदराबादेत दाग देहलवींना टपालाने गझला पाठवत, आणि काही काळाने दाग यांनी कळवले की आता सुधारण्यासारखे फारसे उरत नाही. या रीतीत तीन गोष्टी होत्या. दुरुस्ती मागितलेली असे, लादलेली नसे. ती देणारा स्वतः त्या कलेत मुरलेला असे. आणि एक शब्द बदलला तरी शेर शागिर्दाचाच राही, उस्ताद त्यात आपली गझल घुसवत नसे. आपल्या मित्रमंडळींत ही तिसरी गोष्ट सर्वांत आधी मोडते. फिल्म पाहिल्यावर निम्मे लोक त्याच्या फिल्मविषयी बोलतच नाहीत. ते स्वतः कोणती फिल्म केली असती ते सांगतात.

गालिबच्या सहवासात राहिलेले अल्ताफ हुसैन हाली यांनी ही दुरुस्ती एका शेरापुरती ठेवली नाही. १८७९ च्या 'मुसद्दस'मध्ये त्यांनी आपल्या कौमची घसरण कौमलाच ऐकवली, आणि १८९३ च्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'त आपल्याच शायरीची परखड तपासणी केली. योगायोग असा की, याच हालींच्या खानदानातले ख्वाजा अहमद अब्बास मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये सिनेमाची परीक्षणे लिहू लागले. पुढे त्यांनी स्वतः पटकथा लिहिल्या आणि १९४६ मध्ये 'धरती के लाल' दिग्दर्शित केला. टीका करणाराच टीका झेलणाऱ्याच्या खुर्चीत बसला. टीका करणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा या खुर्चीत बसून पाहावे, म्हणजे मग तो बोलताना शब्द तोलू लागेल.

आता झेलणाऱ्याविषयी. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये आपले दोष ओळखण्याचे चार मार्ग सांगितले आहेत. जाणता मुर्शिद, खरा दोस्त, शत्रूची जीभ, आणि लोकांत मिसळून त्यांच्या दोषांत स्वतःला पाहणे. यातला तिसरा मार्ग विचार करायला लावणारा आहे. गजालींच्या मते गोड बोलून ऐब लपवणाऱ्या दोस्तापेक्षा ऐब काढणाऱ्या शत्रूचा माणसाला अधिक फायदा होऊ शकतो. निंदकाला शेजारी ठेवायला सांगणारे कबीरही याच मार्गावरचे. म्हणजे टीका कोणत्या हेतूने केली हा प्रश्न टीका करणाऱ्याच्या हिशेबाचा आहे. ऐकणाऱ्याने पाहायचे ते इतकेच की, ती खरी आहे का.

ऐकताना सर्वांत कठीण काम म्हणजे गप्प राहणे. 'तिथे माझा असा विचार होता की...' हे वाक्य ओठांवर येतेच. पण फिल्म जिथे जाईल तिथे तिचा कर्ता खुलासा करायला जाणार नाही. जे पडद्यावर पोचले नाही ते पोचले नाही. आणि गप्प राहणे म्हणजे सगळे मान्य करणे नव्हे. तिघांनी वेगवेगळे पाहिले आणि तिघेही एकाच जागी अडखळले, तर त्या जागी खड्डा आहे हे नक्की. तो कसा बुजवावा याचे तिघांचे तीन सल्ले मात्र तिन्ही चुकीचे असू शकतात. दुखणे रुग्णाने सांगायचे, औषध वैद्याने ठरवायचे. इथे वैद्य फिल्म करणाराच आहे.

इथवर बहुतेकांची सहमती होईल. खरी अडचण यापुढे आहे, आणि ती आपल्या घरातली आहे. आपल्यातल्या एखाद्या मुलीने मोहल्ल्यातल्या तलाकवर, हुंड्यावर, मुलांच्या व्यसनावर फिल्म केली, तर तिला मिळणारा सल्ला बहुधा कलेचा नसतो. 'घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?' ही भीती पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. हिंदी सिनेमाने आपल्याला आधी नवाब आणि कव्वाल केले, नंतर गुंड आणि दहशतवादी केले. आपले दोष आपल्याकडून ऐकायला टपलेले लोक बाहेर आहेत आणि ते त्यांचा वापर करतात. अशा वेळी आतल्या माणसाची टीका गद्दारीसारखी वाटते, बाहेरच्याची शत्रुत्वासारखी. मग 'बहोत खूब' एवढेच उरते.

पण याचा परिणाम काय होतो? पडद्यावर असा मोहल्ला येतो जिथे सगळे नेक आहेत, सगळे सोसतात आणि शेवटी सगळे माफ करतात. त्यावर बाहेरचा विश्वास ठेवत नाही आणि आतलाही ठेवत नाही. याउलट उदाहरण नागपूरचेच घ्या. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले. त्यावरून नागराज मंजुळे यांनी केलेला 'झुंड' २०२२ मध्ये आला. त्यातली बरीच मुले नागपूरच्या वस्त्यांतलीच. ती पडद्यावर चोरी करतात, नशा करतात, हाणामारी करतात. वस्तीची बदनामी होईल म्हणून मंजुळे यांनी ते पुसले नाही, आणि म्हणूनच त्या मुलांची लायकी जेव्हा दिसते तेव्हा ती खरी वाटते. आपल्याकडे सईद अख्तर मिर्झा यांनी १९८९ च्या 'सलीम लंगडे पे मत रो'मध्ये मुंबईतला एक भरकटलेला मुस्लिम तरुण असाच, न सजवता दाखवला. एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' तर तणाव वाढेल या भीतीने सेन्सॉरकडे कित्येक महिने अडकला होता. १९७४ मध्ये तो लोकांसमोर आला, आणि फाळणीनंतर इथेच राहिलेल्या मुसलमानाचे दुःख त्याच्याइतके प्रामाणिकपणे फार थोड्या सिनेमांनी सांगितले आहे. ज्याची भीती घातली गेली, तोच सिनेमा आपला साक्षीदार ठरला.

म्हणून आपल्यातल्या फिल्म करणाऱ्याशी बोलताना दोन वाक्यांतला फरक सांभाळायला हवा. 'हे दाखवू नकोस' आणि 'हे नीट दाखव'. पहिले वाक्य भीतीतून येते आणि करणाऱ्याचे तोंड बंद करते. दुसरे वाक्य त्याच्यावर अधिक मोठी जबाबदारी टाकते. तलाक देणाऱ्या नवऱ्याला राक्षस करू नकोस, तो शेजारी राहणारा माणूस वाटू दे. मौलाना आणलेस तर त्यांना विनोदी दाढी लावू नकोस. मुलीला केवळ रडवू नकोस, ती त्या रात्री काय विचार करते ते दाखव. ही टीका बाहेरचा समीक्षक करू शकत नाही, कारण त्याला ते घर माहीत नाही. ती आपणच करू शकतो. आणि आपण ती केली नाही तर ती फिल्म अर्धवट राहील, आणि त्या अर्धवटपणाचाच बाहेर वापर होईल.

एक आक्षेप तरीही राहतो. पहिलीच फिल्म आहे, पोर उमेदीत आहे, त्याला खरे सांगून ती उमेद मारायची का? नाही. पण उमेद खऱ्याने मरत नाही, अपमानाने मरते. आधी काय जमले ते नेमके सांगावे. 'दादीचा हात तस्बीवर थांबतो ती जागा छान आहे' असे नेमके सांगणे हीदेखील खरी समीक्षाच आहे, कारण त्यातून काय टिकवायचे ते त्याला कळते. मग एक-दोन दोष सांगावेत, पंधरा नव्हेत. उरलेल्यांविषयी आज गप्प राहायला हरकत नाही. गप्प राहण्याची मुभा आहे, खोटे बोलण्याची नाही. तोंडावर अवाजवी स्तुती करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदाराची मान कापणारा म्हटले होते. इतक्या कठोर शब्दांचे कारण उघड आहे. अशा स्तुतीने माणूस जिथे आहे तिथेच थांबतो.

आणि टीका करणाऱ्यावरही एक कर्ज राहते. दोष सांगून तो मोकळा होत नाही. मुलगा चार रात्री जागून फिल्म पुन्हा जुळवेल, तेव्हा ती पुन्हा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला तो हजर असला पाहिजे. दुसऱ्यांदा पाहायची तयारी नसेल त्याने पहिल्यांदा तोंड उघडू नये. मोमिनपुऱ्यातल्या एखाद्या खोलीत, मगरिबनंतर, मोबाईलच्या लहानशा पडद्याभोवती असे चार जण बसू लागले तर आपल्याला फार मोठ्या संस्थेची वाट पाहावी लागणार नाही. उस्ताद नसतील, पण इस्लाह सुरू होईल.